मनतशाची मूळव्याध

एक बाक आहे असं समज, बाळा. तिघांचा लाकडी बाक, आणि त्यावर पाचजणी बसल्या आहेत. तू त्यातली चौथी आहेस. मुलगा असलास तरी आज चौथीच हो, बिघडत नाही. लिहायचं तर डावा खांदा शेजारणीच्या पाठीमागे न्यावा लागतो. पंखा आहे, पण त्याचा वारा भिंतीला लागतो. पहाटे अंधार असताना बॅग टाकून तू ही जागा धरलीस, आता ऊन खिडकीतून आत आलं आहे आणि तू अजून तिथेच बसून आहेस. मांड्या बधिर झाल्या आहेत. आणि अशा वेळी तुला संडासला लागली आहे.

हसू आलं का? येऊ दे, त्यात काही वाईट नाही. पण उठायचं मात्र नाही, कारण उठणाऱ्याच्या मागे वर्गाचं दार बंद होतं. तास संपेपर्यंत ते उघडत नाही, आणि उघडतं तेव्हा तुझी बॅग मागच्या भिंतीशी पडलेली असते आणि तुझ्या जागेवर दुसरंच कुणी बसलेलं असतं. मग काय करशील?

मनतशा जे करत होती तेच करशील. दाबून धरशील.

हे लातूरचं सांगतोय. भूकंपाला बारा-तेरा वर्षं होऊन गेली होती. गावोगावची हुशार पोरं दहावी झाली की ट्रंक आणि गादी घेऊन लातूरला उतरत. गल्लीत क्लास, क्लासच्या खाली झेरॉक्स, झेरॉक्सच्या बाजूला मेस. मनतशा औशाची. तिचे अब्बा फारूकभाई कापूस पिंजून गाद्या भरायचे. औसा काही लांब नाही, पण तिथून पहिली बस येईपर्यंत इकडे पहिला तास संपलेला असायचा. म्हणून ती बसम्मा मावशींच्या घरी राहायची. मावशी उदगीरकडच्या. त्यांनी वरच्या मजल्यावरच्या खोल्या क्लासच्या मुलींना दिल्या होत्या, आणि सगळ्यांच्यात मिळून एक संडास.

त्या घरात मुलींनी दोन पद्धती पाडल्या होत्या. पहिलीला त्या 'कोरडी सकाळ' म्हणत. उठल्यापासून दुपारपर्यंत पाण्याचा घोट घ्यायचा नाही, म्हणजे वर्गात उठावं लागत नाही. जी मुलगी पाणी पिताना दिसे तिला बाकीच्या म्हणत, "हिला डॉक्टर व्हायचं न्हाई वाटतं." दुसरी पद्धत संडासातली. आतला वेळ वाया जायला नको म्हणून कुणीतरी दाराला आतून आवर्त सारणी चिकटवली होती. बसायचं आणि मूलद्रव्यं पाठ करायची. बाहेर रांग लागली की मावशी दार वाजवत.

"ए, आत काय पेपर लिहून राहिलीस का?"

"झालं मावशी, दोनच ओळी राहिल्या."

दोन्ही पद्धती फार हुशारीच्या आहेत, असं सगळ्या मुलींना वाटायचं. मनतशा तर त्यात पहिली. तिची सारणी तोंडपाठ झाली, तरी ती उजळणीला बसायची.

दिवाळीनंतर तिला शौचाला खडा होऊ लागला. जोर लावावा लागायचा. एका सकाळी तिने खाली पाहिलं तर भांड्याच्या पांढऱ्या रंगावर लाल थेंब पडलेले. ताजे, चकचकीत लाल. आणि दुखलं मात्र काहीच नव्हतं. पाळीची तारीख लांब होती. तिने पाणी ओतलं आणि क्लासला गेली.

थेंब पुन्हा आले. मग खाज सुरू झाली, अशा जागी की चारचौघांत हातही नेता येत नाही. मग एक दिवस जोर लावताना काहीतरी मऊ, द्राक्षाएवढं, बाहेर आल्यासारखं लागलं आणि थोड्या वेळाने आपोआप आत गेलं. त्या दिवशी मनतशाने ठरवलं की आपल्याला कॅन्सर झाला आहे. जीवशास्त्राचं पुस्तक तिने पालथं घातलं. त्यात हृदय होतं, मूत्रपिंड होतं, बेडकाचंसुद्धा सगळं होतं. हे मात्र नव्हतं.

मग तिने जेवण कमी केलं. आत काही गेलं नाही तर बाहेर काही यायला नको, असा तिचा हिशेब. शरीर असल्या हिशेबाला जुमानत नाही. खडा आणखी कडक झाला आणि रक्त वाढलं.

तिच्या खोलीत रेणापूरची अक्षरा होती, वर्गातही बाकावर तिच्या शेजारीच. घरची शेती, आवाज मोठा, आणि डोळे त्याहून मोठे.

"तू बाकाच्या कडेवर का बसून राहिलीस आठ दिवस झाले?"

"काही न्हाई."

"काही न्हाई म्हणणारीचंच काहीतरी असतंय."

"अभ्यास कर ना तुझा."

"कसा करू? तू सारखी हलून राहिलीस. बाक हलतोय, माझं अक्षर हलतंय."

मनतशाने वही पुढे ओढली. तिला बोलतं केलं ते बसम्मा मावशींनी. दोरीवर वाळत घातलेल्या सलवारीवरचा डाग त्यांना दिसला. त्यांनी तिला स्वयंपाकघरात बोलावलं आणि तिच्या तोंडून सगळं काढून घेतलं.

"उष्णता हाय ती," मावशी म्हणाल्या. "मिरची सोड. सब्जा भिजवून देते. आणि हे कुणाजवळ बोलू नको."

"का मावशी?"

"अगं, पोरीच्या जातीनं असल्या जागंचं बोलतेत का? उद्या सोयरीक जमायच्या टायमाला कुणी ना कुणी काढतंय मग."

मावशी वाईट नव्हत्या. त्यांनी खरोखर रोज सब्जा भिजवून दिला. पण गप्प बसण्याचं औषध त्यांनी त्यासोबत दिलं, आणि त्याने कुणी बरं होत नाही.

अक्षरा दाराआड उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. संध्याकाळचा तास बुडवून ती मनतशाला ओढत एका डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. वाटेत बसस्टँडजवळ भिंतींवर मोठमोठ्या अक्षरांत लिहिलेलं होतं: मूळव्याध, भगंदर, एका तासात मुळासकट. मनतशाची पावलं तिथे रेंगाळली.

"इथे चल ना. इथे कुणी ओळखणार नाही."

"मुळासकट काय काढतेत ते तुला माहितीय का?" अक्षरा म्हणाली. "न्हाई ना? मग पुढं चल."

डॉक्टरीणबाईंनी आधी नुसतं ऐकलं. दुखतं का, रक्त कसं आहे, शौच काळं होतं का, वजन उतरलं का, घरात कुणाला पोटाचा आजार होता का. मग पडद्यामागे घेऊन तपासलं. तपासायला जितका वेळ गेला, त्यापेक्षा जास्त वेळ मनतशाला सलवारीची नाडी सोडायला लागला.

"मूळव्याध आहे," बाई हात धुताना म्हणाल्या.

"ती तर म्हाताऱ्या माणसांना होते."

"त्यांना जास्त होते. तुझ्या वयाची पोरं मला क्वचित दिसायची. आता क्लासची पोरं येऊन राहिलीत. तुझे अब्बा काय करतात?"

"गाद्या भरतात."

"मग तुला सांगणं सोपं आहे. आपल्या गुदद्वाराच्या आत छोट्या मऊ उशा असतात. कापसाऐवजी बारीक रक्तवाहिन्यांनी भरलेल्या. त्या सगळ्यांना असतात. मला, तुला, तुझ्या सरांना. दार नीट बंद राहावं म्हणून असतात. माणूस जोर लावतो, तासन् तास बसून राहतो, तेव्हा त्यांच्यात रक्त तुंबतं. उशी फुगते, खाली सरकते. कडक शौच तिला घासून गेलं की लाल रक्त पडतं. आतल्या बाजूची असेल तर दुखत नाही. म्हणून तुला दुखलं नाही."

"आणि बाहेरची असली तर?"

"ती सुजते, खाजते. कधी तिच्यात रक्त गोठलं तर निळसर गाठ येते आणि माणसाला बसवत नाही. आणि शौचाच्या वेळी काच फिरल्यासारखं कापत असेल, तर बहुतेक वेळा ती मूळव्याध नसतेच, कातडीला चीर पडलेली असते. म्हणून पाहावं लागतं. रक्त दिसलं की मूळव्याधच, असं घरी बसून कुणी ठरवायचं नाही."

मग त्यांनी विचारलं, "संडासात किती वेळ बसतेस?"

मनतशाने खाली पाहिलं. अक्षरा म्हणाली, "हॅलोजनपर्यंत."

"म्हणजे?"

"दारावर आवर्त सारणी लावलीय. मी सोडियम-पोटॅशियमवर उठते. ही पार उजवीकडं जाते."

बाई हसल्या. खूप हसल्या, चष्मा काढून डोळे पुसले. मनतशालाही हसू फुटलं, कितीतरी दिवसांनी. मग बाई एकदम गंभीर झाल्या. "ती सारणी आज काढा. तिथे बसायचं ते कामापुरतं. पाणी प्यायचं, सकाळपासून. ज्वारीची भाकरी, पालेभाजी, पेरू. रात्री इसबगोल, त्यावरही भरपूर पाणी. कोमट पाण्याच्या टबात थोडा वेळ बसायचं, बरं वाटेल. मलम देते. आणि लागली की उठायचं. दाबून धरायचं नाही. ही सगळ्यात मोठी गोळी आहे, आणि ती माझ्या दुकानात मिळत नाही. इतकं केलंस तर तुझी ही तक्रार ऑपरेशनशिवाय जाईल. रक्त वाढलं, चक्कर आली, शौच डांबरासारखं काळं झालं, तर धावत ये."

पाणी पिता आलं. भाकरीही मिळाली, मावशींनी कुरकुर करत का होईना थापून दिली. सारणी अक्षराने फाडली तेव्हा मुलींनी बराच आरडाओरडा केला. राहिली ती सगळ्यात मोठी गोळी. तिची किल्ली उमाशंकर सरांकडे होती.

सर जीवशास्त्र शिकवायचे, आणि फार सुंदर शिकवायचे. हे मी मुद्दाम सांगतोय. त्यांनी फळ्यावर हृदय काढलं की ते धडधडेल असं वाटायचं. त्यांच्या तोंडी एक शब्द कायम असे, 'लिहून घ्या'. तो कानावर पडला की अख्खा वर्ग मान खाली घालून लिहायला लागायचा, मग वाक्य कुठलंही असो.

मनतशा तासानंतर त्यांना भेटली.

"सर, मला मधेमधे उठावं लागेल."

"कशाला?"

"तब्येतीचं आहे."

"काय तब्येतीचं?"

मनतशाच्या जिभेवर शब्द आला आणि तिथेच बसला.

 सर म्हणाले, "हे बघ, भूकंप झाला तेव्हा मी बारावीला होतो. आमचं घर गेलं. पत्र्याच्या शेडमध्ये मांडी घालून अभ्यास केला. वर ऊन, खाली खडी. मी उठलो नाही. तुम्हाला बाक आहे, पंखा आहे. इथे एकाला उठू दिलं तर सगळा वर्ग जत्रेसारखा फिरत राहील. जमत नसेल तर घरी जा, बरी हो, पुढच्या वर्षी ये."

आणि त्यांनी औशाला फोनही केला.

रविवारी फारूकभाई आले. बसम्मा मावशींच्या अंगणात बाजेवर बसले. केसांत कापसाचे तंतू तसेच. त्यांनी चहा घेतला, इकडचं तिकडचं बोलले, आणि मग मनतशाची गादी गुंडाळायला उठले.

"चल बेटा. घरी चल. जान है तो सब है."

"अब्बा, मला काय झालंय ते तुम्हाला माहितीय का?"

"सर म्हणाले, कमजोरी हाय. लेकरांना झेपत न्हाई म्हणले."

"मला मूळव्याध झालीय."

मावशींनी हातातलं सूप खाली ठेवलं. फारूकभाई परत बाजेवर बसले. 

"बवासीर," ते हळूच म्हणाले. "माझ्या अब्बालाबी होती. दिवसभर पिंजायला बसायचे. आखरीला लई पिवळे पडले. रक्त जायचं. अम्मी म्हणायची दवाखान्यात चला, तर म्हणायचे, ही काय दाखवायची जागा हाय का."

"मग?"

"मग काय. गेले."

"बवासीरनं?"

"कुणाला ठाऊक, बेटा. ती बवासीर होती का दुसरंच काही होतं. दाखवलंच न्हाई तर कळणार कसं?"

मनतशा त्यांच्या शेजारी जाऊन बसली. "मी दाखवलंय, अब्बा. माझं मला माहिती आहे. पाणी पिते, भाकरी खाते. आठवड्यात रक्त कमी झालंय. आता फक्त लागली की उठता आलं पाहिजे. घरी नेऊन काय होईल? मी तिथे उठेन, आणि इथे माझी जागा जाईल."

"सर न्हाई म्हणलेत ना पण."

"त्यांना मी कारणच सांगितलं नव्हतं."

"आता सांगशील?"

"सांगेन."

"मी बोलू का?"

"नको. मला झालीय, मी बोलते. उद्याचा दिवस थांबा. सरांनी नाही ऐकलं तर संध्याकाळच्या गाडीने तुमच्यासोबत येते, रडणार नाही."

मावशी मधेच म्हणाल्या, "अहो भाईसाब, पोरगी चारचौघांत असलं बोलणार, आणि तुम्ही ऐकून घेऊन राहिलात?"

फारूकभाई म्हणाले, "बाई, आमच्या घरात एकजण गप बसून गेला. तेवढं पुरे." आणि त्यांनी गादी पुन्हा पसरून दिली.

सोमवारी सर रक्ताभिसरण शिकवत होते. फळ्यावर लाल खडूने रोहिण्या, निळ्या खडूने शिरा. शिरांमधलं रक्त वर चढतं कसं, ते सांगत होते. वर्ग खचाखच भरलेला, पुढे मुली, मागे मुलं. मनतशाने पहाटे पाणी पिऊन घेतलं होतं. तास अर्ध्यावर आला आणि तिला लागली.

ती उभी राहिली.

सर फळ्याकडेच पाहत म्हणाले, "बस."

"बसूनच झालीय, सर."

मागून कुणीतरी खिदळलं. सर वळले. "काय म्हणालीस?"

"मला बाहेर जायचंय. आणि परत यायचंय. माझ्याच जागेवर."

"इथला नियम तुला ठाऊक आहे."

"हो. पण त्या दिवशी तुम्ही कारण विचारलंत आणि मी सांगितलं नाही. ते आज सांगायचंय."

सरांनी हाताची घडी घातली. "सांग. सगळ्यांसमोर सांग. योग्य असेल तर दार उघडं ठेवतो."

त्यांना वाटलं, ती खाली बसेल. अशा वेळी मुली खाली बसतात, हे त्यांना इतक्या वर्षांच्या शिकवण्यातून माहीत होतं. अक्षराने वही मिटली.  

"मला मूळव्याध आहे," ती म्हणाली.

 मागच्या बाकांवरून हसण्याची लाट आली. कुणीतरी कोंबड्यासारखा आवाज काढला. एकजण म्हणाला, "मिरची कमी खा गं." सरांच्या कपाळाला आठी पडली, पण ती कुणासाठी होती ते कळलं नाही.

मनतशा बाकावरून बाहेर निघाली. सगळ्यांना वाटलं दाराकडे जाईल. ती फळ्याकडे गेली. सरांच्या टेबलावरचा निळा खडू तिने उचलला, आणि त्यांच्या शिरांच्या खाली, मोकळ्या जागेत, मोठ्या आतड्याचं शेवटचं टोक काढलं. नळीसारखं, खाली तोंड. आतल्या भिंतीला तीन छोट्या उशा. त्यातली एक तिने मोठी केली, फुगवली, आणि खाली सरकवली. आकृती काही सुंदर नव्हती. पण बरोबर होती, आणि ते सरांना सगळ्यात आधी कळलं. त्यांची हाताची घडी सुटली.

"या उशा सगळ्यांना असतात," मनतशा म्हणाली. "हसणाऱ्यांनाही. आत रक्तवाहिन्या असतात. आपण पहाटेपासून दुपारपर्यंत बसतो, पाणी पीत नाही, लागली तरी दाबून धरतो. मग खडा होतो. मग जोर लावतो. मग ही अशी फुगते, आणि लाल रक्त पडतं. दुखत नाही, म्हणून आपण कुणाला सांगत नाही. खाज येते, कोंब बाहेर येतो, तरी सांगत नाही."

हसणं विरळ झालं होतं. मागे एक उंच मुलगा, जो मघाशी सगळ्यात मोठ्याने हसला होता, तो आता बाकावर जरा एका बाजूला कलून बसला आणि आकृतीकडे पाहू लागला.

"कुणाकुणाला रक्त पडतं?" मनतशाने विचारलं. "हात वर करू नका. नुसतं लिहून घ्या."

आणि वर्गाला सवयच होती ती. माना खाली गेल्या. पेनं चालू लागली. पहिल्या बाकावरून शेवटच्या बाकापर्यंत नुसता कागदाचा आवाज.

"रक्त दिसलं तर डॉक्टरला दाखवायचं. भिंतीवरच्या जाहिरातीला नाही. दर वेळी मूळव्याधच असते असं नाही. पाणी प्यायचं. संडासात अभ्यास करायचा नाही." तिने सरांकडे पाहिलं. "आणि लागली की उठायचं."

 सरांची नजर फळ्यावरच्या त्या तीन उशांवर होती.

मनतशाने खडू टेबलावर ठेवला, बोटं कमीजला पुसली.

"सर, माझी बॅग तिथेच राहू द्या," ती म्हणाली. मग तिने वर्गाचं दार पूर्ण उघडलं, पुन्हा लागू नये म्हणून जिन्यावर पडलेली एक वीट त्याला खालून लावली, आणि घाई न करता जिना उतरून संडासला गेली.